उथळ पाण्यातला गळ : बूच कोणते, तंगूस किती?

खास प्रतिनिधी

कळंब (जि. यवतमाळ) : मूठभर गोळीखाद्य पाण्यावर भिरकावले, की क्षणभर काहीच घडत नाही. मग पृष्ठभागाखालून एक सावली सरकते, पाण्यावर एक वर्तुळ उमटते आणि पाठोपाठ दहा-बारा ठिकाणी पाणी उकळू लागल्यासारखे दिसते. कळंब तालुक्यातील एका शेततळ्याच्या बांधावरून प्रस्तुत प्रतिनिधी हे दृश्य पाहत असताना शेतमालकाने हातातील एक गळ पुढे केला. त्याच्या टोकाला मासा नव्हता. होता तो काळ्या प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा. कुणा पाहुण्याने हौसेखातर टाकलेला गळ तळ्याच्या अस्तरात रुतला, त्याने मासाच लागला असे समजून जोराने हिसका दिला आणि अस्तराला बोटभर चीर गेली. पऱ्हाटीला ऐनवेळी एखादे पाणी देता यावे म्हणून राखून ठेवलेला साठा त्यानंतर दिवसेंदिवस उतरू लागला. मासा गेला असता तर त्याचे काही वाटले नसते, पाणी गेले याचे वाईट वाटते, असे त्या शेतकऱ्याचे म्हणणे होते.

चूक गळाची नव्हती, ती बुचाची होती. बूच आणि गळ यांच्यामधील तंगूस तेथील पाण्याच्या खोलीपेक्षा अधिक लांब ठेवला गेला होता. तळाशी गेलेला गळ जे मिळेल त्यात रुततो. गळाच्या मासेमारीत ज्याला सर्वांत क्षुल्लक वस्तू समजले जाते, त्या तरंगत्या बुचाचे महत्त्व येथे ध्यानात येते. मासा लागल्याची वर्दी देणे हे त्याचे एक काम झाले. गळ किती खोल जाईल हे ठरविणे, हे दुसरे आणि शेततळ्यावर तरी पहिल्यापेक्षा मोठे काम आहे.

धाराशिव जिल्ह्यातही एक कळंब असल्याने प्रारंभीच सांगितलेले बरे, की येथे विषय आहे तो चक्रवती नदीकाठच्या, चिंतामणी गणेशाच्या कळंबचा. हा कापसाचा मुलूख. जिल्ह्याला बेंबळा प्रकल्पाचा आधार आहे, पण कालव्याचे पाणी प्रत्येक शिवारात पोचत नाही. राज्य शासनाने २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणल्यानंतर विदर्भात शेततळ्यांची संख्या वाढली. ज्या जमिनीत पाणी टिकत नाही तेथे तळ्याला प्लास्टिकचे अस्तर घातले जाते. त्यासाठी ५०० मायक्रॉन जाडीचा कागद सर्रास वापरला जातो. पाणी साठलेच आहे, तर त्यात रोहू-कटल्याची बोटुकली का सोडू नये, हा पुढचा स्वाभाविक विचार. अस्तर घातलेल्या तळ्यात चिखल नसतो, त्यामुळे तळाशी तयार होणारे नैसर्गिक खाद्य बेताचेच असते. मासा बाहेरून घातलेल्या खाद्यावर वाढतो आणि हळूहळू ते खाद्य पडण्याच्या वेळेशी, जागेशी, किंबहुना आवाजाशीही जुळवून घेतो. गोळीखाद्यावर उथळ गळ टाकण्याची सारी विद्या या एका सवयीवर उभी आहे.

ही विद्या आज जन्माला आलेली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांना आवडणारे खाद्य, काठी, दोरी व गळ यांचा त्यात विचार आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे इंग्रजी अमदानीत मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' आणि १८८७ मध्ये खास तलावांतील गळासाठी 'टँक अँगलिंग इन इंडिया' ही पुस्तके लिहिली. तेव्हा गळ म्हणजे वेळ घालविण्याचे साधन, असे मानणाऱ्यांनी या विषयावर किती शाई खर्च झाली आहे हे पाहावे. कारखान्यात तयार झालेली एकसारख्या आकाराची गोळी मात्र नवी आहे, आणि तिला लावून टाकायच्या गळाचे शास्त्र गेल्या काही दशकांत प्रामुख्याने इंग्लंडमधील पैसे भरून मासे धरण्याच्या तळ्यांवर विकसित झाले. त्यातील बरेचसे आपल्याकडील साध्या साहित्याने करता येते.

मासा वर कधी येतो?

सर्वच मासे सारख्या खोलीवर खात नाहीत. कटल्याचे तोंड मोठे व वर वळलेले असते. तो पृष्ठभागाजवळ खातो. रोहूचा वावर मधल्या थरात असतो. मृगळ आणि सायप्रिनस हे तळ चाळणारे. मत्स्यशेतीत तीन-चार जाती एकत्र सोडण्यामागील तत्त्व हेच आहे. तरंगत्या गोळीखाद्याने मात्र ही वाटणी काहीशी मोडते. नेहमी वरून खाद्य मिळू लागले, की रोहू वर येतो, सायप्रिनसही येतो. पंगस किंवा तिलापिया असेल तर तो सर्वांच्या आधी येतो. कटला वर असूनही गोळीला क्वचितच लागतो, कारण तो पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खाणारा मासा आहे. त्याला पेंडीचा भुसभुशीत, पाण्यात विरघळणारा गोळा हवा. गोळी लावून कटल्याची वाट पाहणाऱ्याने सोबत जेवणाचा डबा ठेवावा हे बरे.

येथे एक खबरदारी. पहाटेच्या वेळी, विशेषतः ढगाळ व कोंदट हवामानात, मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसतात. हे दृश्य पाहून अनेकांना मासे भुकेले आहेत असे वाटते. वस्तुतः ते गुदमरत असतात. रात्रभर पाण्यातील वनस्पती व जीवजंतू प्राणवायू वापरतात, त्यामुळे सूर्योदयापूर्वी त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. शिवाय पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. अशा वेळी गळ टाकायचा नसतो आणि खाद्यही घालायचे नसते; पाणी ढवळायचे किंवा ताजे पाणी सोडायचे असते. भुकेला मासा पाणी फोडून खाली जातो, गुदमरणारा वरच रेंगाळतो आणि माणसाची सावली पडली तरी लवकर हलत नाही. दोहोंतील फरक दोन मिनिटे पाहिल्यास कळतो.

उन्हे वर आल्यानंतरची सकाळ आणि सायंकाळ या उथळ गळाच्या खऱ्या वेळा. उथळ म्हणजे किती, तर पृष्ठभागापासून साधारण एक ते तीन फूट. सुरुवात दोन फुटांवर करावी. गोळ्या पडताच पाणी फुटत असेल तर फूटभर वर यावे. पाणी शांत असून केवळ सावल्या फिरत असतील तर अर्ध्या फुटाने खाली जावे.

बुचाचा आकार आणि टोकाची जाडी

बाजारात मिळणारे लाल-पांढरे गोल बूच दिसायला गोजिरे असते, पण उथळ पाण्यात ते अडचणीचे ठरते. ते पाण्यावर आदळताना मोठा आवाज होतो, वाऱ्याने ते वाहत जाते आणि मुख्य म्हणजे माशाला ते पाण्याखाली ओढण्यास बरीच ताकद लागते. मासा गोळी तोंडात घेतो, काहीतरी अडते आहे असे जाणवताच ती थुंकतो, आणि बूच वर डोलत राहते. थर्मोकोलच्या तुकड्याचेही तेच. प्रस्तुत प्रतिनिधीने लिंबाएवढा थर्मोकोल लावून एक संपूर्ण सायंकाळ कोरडी घालविली आहे, हे येथे कबूल करायला हरकत नाही.

याच्या मागे शाळेत शिकलेला आर्किमिडीजचाच नियम आहे. बूच जितके घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारते, तितके ग्रॅम बळ त्याला वर उचलते. टोकाची जाडी २ मि.मी. असेल, तर त्या टोकाचा १ सेंमी भाग बुडविण्यास सुमारे ०.०३ ग्रॅम बळ पुरते. जाडी ४ मि.मी. केली, की तेवढ्याच लांबीला सुमारे ०.१३ ग्रॅम लागतात. जाडी दुप्पट, बळ चौपट. मग टोक जितके बारीक तितके चांगले, असे म्हणावे काय? तसेही नाही. आता गळाला लावलेली गोळीच पाहा. ८ मि.मी. व्यासाची आणि तेवढ्याच लांबीची बुडणारी गोळी पाण्यापेक्षा १५ टक्के जड धरली, तर पाण्यात तिचे वजन सुमारे ०.०६ ग्रॅम भरते. २ मि.मी. जाडीचे टोक त्या गोळीच्या भारानेच २ सेंमी बुडेल. म्हणजे मासा यायच्या आधीच बूच दिसेनासे होईल. ४ मि.मी.चे टोक मात्र अर्धा सेंटिमीटर खाली जाऊन थांबेल, आणि गोळी पळविली गेली तर पुन्हा तेवढेच वर येऊन तशी सूचनाही देईल.

म्हणून उथळ पाण्यात गोळीसाठी बूच आखूड असावे, एकूण लांबी बोटभर, आणि टोक तुलनेने जाड, ३ ते ४ मि.मी.चे. कणकेच्या बारीक गोळीसाठी किंवा थंडीच्या दिवसांत मासा हळुवार खात असताना २ मि.मी.चे टोक वापरावे. तिसरा प्रकार एकदम लठ्ठ, पेन्सिलीपेक्षा जाड, बुडाशी वजन भरलेला. तो चरखीच्या काठीने दूर फेकण्यासाठी असतो. पाण्यावर पडताना तो जो 'डुबुक्' आवाज करतो, त्याला गोळ्यांच्या आवाजाची सवय असलेला मासा बुजण्याऐवजी जवळ येतो. हे ऐकून सुरुवातीला विश्वास बसत नाही, परंतु दररोज खाद्य मिळणाऱ्या तळ्यावर ते खरे ठरते. नदीवर वा जंगलातील डोहावर हाच आवाज माशांना पळवून लावील.

साहित्य घरचे चालते. ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याची साल काढली, की आत जो पांढरा हलका गाभा मिळतो त्याचे बूच उत्तम तरंगते. दोष एकच, तो पाणी पितो. नखाला लावायच्या रंगाचे दोन हात दिले की हा दोष जातो. तुराटी त्याहून जड, पण मजबूत. बॉलपेनची रिकामी रिफिल दोन्ही टोके मेणाने बंद करून वापरली, तर सुमारे ३ मि.मी. जाडीचे आयते टोक मिळते. सर्वांत सरस मात्र मोरपिसाचा दांडा. तो सरळ, हलका आणि पाणी न पिणारा असतो. मोराला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, तेव्हा शिवारात आपोआप गळून पडलेलेच पीस घ्यावे. बूच तंगुसाला बांधण्यासाठी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घ्यावी. तिच्या दोन-तीन मि.मी.च्या चकत्या कापून तंगुसात ओवाव्यात आणि त्यात बूच घट्ट बसवावे. बूच वर-खाली सरकवून खोली बदलता येते, हा या जोडणीचा मोठा लाभ.

टोकाच्या रंगाविषयी थोडक्यात. पाण्यावर आकाशाची पांढरी चकाकी असेल तर काळे टोक उठून दिसते. झाडांच्या सावलीतील काळसर पाण्यावर शेंदरी.

भार कोठे लावावा?

खोल पाण्यात शिशाचे छर्रे गळाजवळ लावण्याची रीत आहे, कारण आमिष लवकर तळाशी जायला हवे असते. उथळ पाण्यात हेतू नेमका उलटा असतो. मासा येथे पडणारी गोळी टिपतो. पाच सुट्या गोळ्या हळूहळू खाली जात आहेत आणि सहावी दगडासारखी सरळ खाली चालली आहे, हे त्याला ओळखू येते. म्हणून भार बुचालगत लावावा आणि बूच ते गळ हा तंगूस रिकामा सोडावा. वारा असल्यास आणि तंगूस वेटोळे घेत असल्यास एक-दोन अगदी लहान छर्रे मध्ये लावावेत. अशा लहान छर्ऱ्यांपैकी एक ०.०४ ग्रॅमचा, तर एक ०.०६ ग्रॅमचा असतो. यापेक्षा मोठा उथळ तंगुसावर नको.

याची परीक्षा घरी घेता येते. पाण्याने भरलेली पारदर्शक बरणी किंवा पांढरी बादली घ्यावी. एका हातातून सुटी गोळी आणि दुसऱ्या हातातून गळाला लावलेली गोळी एकाच वेळी सोडावी. गळाची गोळी स्पष्टपणे आधी तळ गाठत असेल तर गळ जाड आहे, तो एका क्रमांकाने लहान करावा. गळांचे क्रमांक उलटे चालतात हे ध्यानात असू द्यावे : १६ क्रमांकाचा गळ १० क्रमांकापेक्षा लहान. ६ मि.मी. गोळीला साधारणतः १४ किंवा १६, आणि ८ मि.मी. गोळीला १२ किंवा १४ क्रमांकाचा गळ शोभतो.

शेततळ्यात घालायचे खाद्य तरंगणारे असेल तर प्रश्न वेगळा होतो. तरंगती गोळी गळाच्या वजनाने बुडते किंवा अर्धवट लटकते. तेथे लहान गळ, मोठी गोळी हाच उपाय. बूच येथे खोली ठरवीत नाही. ते फक्त फेकण्यापुरते वजन आणि नजरेसाठी खूण असते. बुचापुढे दोन-अडीच फूट तंगूस मोकळा ठेवून गोळी पृष्ठभागावर राहू द्यावी. बुचाकडे न पाहता गोळीकडे पाहावे लागते, म्हणून हा प्रकार चष्मेवाल्यांना थोडा त्रासाचाच.

छर्रे शिशाचेच असावेत काय, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. तुटलेल्या तंगुसासोबत पाण्यात राहिलेले शिसे पाणपक्षी खड्यासोबत गिळतात आणि विषबाधेने मरतात. हंसांचे असे मृत्यू होऊ लागल्यावर इंग्लंडमध्ये १९८७ साली ०.०६ ग्रॅमपासून एका औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्याकडे शेततळ्यावर बगळे, वंचक, टिबुकल्या नेहमी येतात. तांब्याच्या बारीक तारेचे चार वेढे तेच काम करतात आणि त्यांचे वजन कात्रीने कमी-जास्त करता येते.

गोळी गळाच्या बाहेर

गोळीखाद्य टणक असते. त्यात गळ खुपसला तर गोळी फुटते. यावर उपाय दोन. पहिला, गोळ्या थोड्या पाण्यात भिजवून मऊ करणे आणि कणकेप्रमाणे गळावर चढविणे. लहान माशांचा उपद्रव असेल तर त्या क्षणात कुरतडल्या जातात. दुसरा उपाय अधिक विचारपूर्वक निघालेला आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी आमिष गळावर न लावता गळापासून निघालेल्या केसासारख्या बारीक दोऱ्यावर लावण्याची रीत काढली. सायप्रिनस कुळातील मासा आमिष तोंडात ओढतो, चाचपतो आणि नको असल्यास बाहेर फुंकतो. आमिष गळापासून वेगळे असले, की फुंकताना गळाचे मोकळे टोक ओठात अडकते. गोळीसाठी या दोऱ्याच्या टोकाला रबराची लहान चकती बांधायची आणि गोळी तिच्यात घट्ट बसवायची. व्हॉल्व्हच्या नळीची पातळ चकती येथेही चालते.

या पद्धतीचा खरा लाभ पाहायचा तो माशाच्या दृष्टीने. गळ ओठाच्या कडेला लागतो, घशात जात नाही. लहान मासा परत सोडायचा असेल तर तो जगतो. घशात गेलेला गळ ओढून काढला, की मासा पोहत गेलेला दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगतो. ज्याने खाद्याची पिशवी विकत आणून तो वाढविला, त्याचे ते नुकसान असते. गळाच्या टोकामागील उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला, तर गळ माशातूनही सहज निघतो आणि आपल्या बोटातूनही. अस्तरात रुतला तरी मागे घेता येतो. असा गळ वापरल्यास मासे निसटतात, ही तक्रार तंगूस सैल सोडणाऱ्यांची असते.

गळाजवळचा चार ते सहा इंच तंगूस मुख्य तंगुसापेक्षा बारीक असावा. मुख्य ०.२० मि.मी. असेल तर गळाजवळ ०.१६ किंवा ०.१८. तुटायचेच झाले तर गळ तुटावा, बूच नव्हे, कारण सुटलेल्या बुचामागे तंगूस ओढत फिरणारा मासा कुठे तरी अडकून मरतो. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी. कोरडा नायलॉन आवळताना तापतो व कमकुवत होतो.

उताराचे गणित

आता पुन्हा त्या बोटभर चिरेकडे. शेततळ्याच्या बाजू उभ्या नसतात, उतरत्या असतात. दीडास एक असा उतार असेल, तर पाण्याच्या काठापासून दीड मीटर आत गेल्यावर खोली एक मीटर मिळते. गळ ६० सेंमी खोल सोडायचा, तर काठापासून ९० सेंमी अंतरावर तो अस्तराला टेकलेला असतो. वारा बुचाला काठाकडे ढकलतो, शिवाय हुकलेल्या झटक्यानंतर गळ उसळून आपल्याच दिशेने येतो. म्हणून बूच काठापासून किमान दोन मीटर आत राहील असे पाहावे. तेथे खोली सव्वा मीटरहून अधिक असते आणि गळाखाली दोन फूट मोकळे पाणी उरते. टाकण्यापूर्वी गळ न लावता, तंगुसाच्या टोकाला मातीचा लहान गोळा बांधून बूच कोठे आडवे पडते हे एकदा पाहून घ्यावे. गोळा टेकला, की बूच आडवे होते. ही पाच मिनिटांची मोजणी वगळल्यामुळेच अस्तरे फाटतात. उन्हाळ्यात पाणी मीटरभर उरले, की गळ गुंडाळून ठेवावा, हे अधिक शहाणपणाचे.

त्यामुळे बिनचरखीची साधी लांब काठी अशा तळ्यांवर चरखीपेक्षा सोयीची पडते. चार-पाच मीटरची बांबूची छडी घ्यावी आणि टोकापासून बुचापर्यंतचा तंगूस दोन-तीन फूटच ठेवावा. तंगूस आखूड असल्याने तो ताठ राहतो, मासा ओढतो त्याच क्षणी गळ लागतो, हिसका द्यावाच लागत नाही. बूच नेमक्या त्याच जागी पुनःपुन्हा ठेवता येते. बांबूचे लवचीक टोक माशाची ओढ सोसते. परदेशी काठ्यांच्या पोकळीत त्यासाठी रबरी दोर ओवलेला असतो. काठी कार्बनची असेल तर वर वीजवाहिनी नाही याची खात्री करावी. कार्बन विजेचा वाहक आहे, आणि शिवारात कृषिपंपाच्या तारा किती खाली लोंबतात हे सांगायला नको.

खाद्य टाकण्याचेही एक भान आहे. अर्ध्या-पाऊण मिनिटाला पाच-सहा गोळ्या बुचाभोवती टाकाव्यात. ओंजळभर एकदम टाकल्या तर माशांचे पोट भरते, उरलेले खाद्य तळाशी कुजते आणि त्यातून सुटणारा अमोनिया पुढच्या आठवड्यात त्रास देतो. माशाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के इतके खाद्य दररोज घातले जात असेल, तर गळासाठी वापरलेल्या गोळ्या त्या दिवसाच्या हिशेबातूनच वजा कराव्यात. मत्स्यशेतीत निम्म्याहून अधिक खर्च खाद्याचाच असतो.

काही शेतकरी गळाने धरलेल्या माशांच्या वजनावरून तळ्यातील माशांची सरासरी वाढ काढतात. ही पद्धत फसवी आहे. गळाला सर्वांत धीट आणि सर्वांत भुकेला मासा आधी लागतो. तो बहुधा मोठा असतो. वाढीचा खरा अंदाज जाळे ओढून, मिळतील ते सारे मासे तोलूनच येतो. गळ पिकाच्या काढणीचे साधन नव्हे. घरच्या कालवणापुरते दोन मासे, माशांच्या अंगावर व्रण किंवा परजीवी आहेत काय याची पाहणी, किंवा शेतावर येणाऱ्या पाहुण्यांकडून शुल्क घेऊन चालविलेला छंद, एवढाच त्याचा पल्ला. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले, तेव्हापासून या तिसऱ्या मार्गाची चर्चा अधूनमधून होते. तो पत्करणाऱ्याने गळ, बूच आणि तंगूस आपणच बांधून पाहुण्याच्या हाती द्यावा. पाहुण्याच्या पिशवीतील तीन काट्यांचा गळ अस्तराजवळ फिरकू देऊ नये.

आपल्या मालकीच्या तळ्याबाहेर गळ टाकायचा असेल तर आधी विचारावे. पाझर तलाव व जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, आणि भोई-ढिवर समाजातील अनेक कुटुंबांची चूल त्यावर पेटते. पाण्यात स्फोटके वा विष टाकून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच मनाई आहे.

अस्तराचे तळे माणसालाही तितकेच धोक्याचे असते. ओल्या प्लास्टिकवर शेवाळ चढले, की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. अशा तळ्यांत बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या राज्याच्या निरनिराळ्या भागांतून येत असतात. ज्या तळ्यावर आम्ही गेलो होतो, तेथे आता चारही बाजूंना गाठी मारलेले दोर खुंट्यांना बांधून पाण्यात सोडलेले आहेत. चीर ठिगळ लावून बुजविली आहे. काठीच्या टोकाला धांड्याच्या गाभ्याचे बोटभर बूच आहे आणि बुचावर, गळ दीड फुटापेक्षा खाली जाऊ नये म्हणून, तंगुसाला शेतकऱ्याने स्वतः मारलेली एक न सरकणारी गाठ आहे.